पांढऱ्या बरण्यांची फळी

पेंटरमामांनी माझ्या हातातला फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ताई, इथले लोक घर सोडून गेल्ते का?”

फोटो फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातल्या स्वयंपाकघराचा होता. सायीच्या रंगाच्या भिंती, निळसर करडी कपाटं, आणि कपाटांच्या कडांवरून रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं. उघड्या फळीवर एकसारख्या पांढऱ्या बरण्या होत्या. वर आकड्यांना तांब्याची भांडी टांगलेली. रंग उडालेला नाही, मुद्दाम तसा केलाय, हे मी मामांना समजावलं. आधी रंग द्यायचा आणि तो वाळला की कडांवर पॉलिश पेपर मारायचा.

“म्हंजे नवा रंग देऊन जुना करायचा?”

“हो.”

“चाळीस वर्षं ब्रश हातात हाय माझ्या. लोक मला जुनं झाकायला बोलावतेत.” ते आईकडे वळले. “वहिनी, तुमचं काय म्हणणं?”

आई ओट्याला टेकून उभी होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो हातात घेतला, थोडा लांब नेला, परत जवळ आणला आणि माझ्याकडे दिला.

“फ्रान्सचं खेडं म्हणतीस ना? मंग धावडाच की. आमच्या धावड्याला पण तांब्याचे हंडे होते अन् दाराचा रंग उडाल्ता. त्याला कोणी फ्रेंच म्हणलं न्हाई.” धावडा तिचं माहेर. मामा हसले. “करा तिला पाहिजे तसं,” ती म्हणाली. “पहिल्यांदा काही मागून राह्यली पोरगी.”

ते खरं होतं. मी मागणाऱ्यांतली नाही. शाळेत सगळं इंग्रजीतून शिकले, घरी आणि गल्लीत मराठी. त्यामुळे दोन्हीकडे बोलण्याआधी वाक्य मनात तपासून बघायची सवय लागली, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आता घरूनच एका कंपनीचं काम करते. घरात वापरायच्या वस्तूंची वर्णनं इंग्रजीत लिहायची. उशा, पडदे, बरण्या, दिवे. दिवसभर मी न बघितलेल्या स्वयंपाकघरांबद्दल लिहिते आणि पाणी प्यायला उठले की आमच्या स्वयंपाकघरात येते. तिथल्या भिंतींना मोरपंखी हिरवा ऑइल पेंट होता. फळीवर पन्नास तऱ्हेचे डबे होते. बिस्किटांचा चौकोनी, वनस्पती तुपाचा पिवळा, लाल झाकणाचा, पोचा आलेला, कडी तुटलेला. मिठाची तेवढी तपकिरी चिनीमातीची बरणी. मला ते सगळं डोळ्यांना टोचायचं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. मला त्या वेळी ती माहीत नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आईला दिसायचं कमी झालं होतं. दोन वर्षं झाली होती त्याला, आणि तिनं ते बाबांपासून, माझ्यापासून, सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं. कारण होतं महालक्ष्म्या.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. साऱ्या भावकीत एकाच घरी, आणि त्या घरच्या बाईनं नैवेद्य स्वतःच्या हातानं करायचा. तिच्या हातून होईनासं झालं की मुखवट्यांची पेटी पुढच्या सुनेच्या घरी जाते. हे कोणी ठरवत नाही, कोणी बोलतही नाही. एका वर्षी बाई काहीतरी चुकते, कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि पुढच्या वर्षी पेटी दुसऱ्या घरी असते. आईच्या नंतरची सून म्हणजे माझी शहागडची काकू.

मी हे रंगकाम काढलं, तेव्हा महालक्ष्म्यांना तीन आठवडे होते.

मामा म्हणाले, “पावसाळ्यात रंग जल्दी वाळत न्हाई, ताई.” आणि मग स्वतःच आभाळाकडे बघून, “आपल्या जालन्यात पाऊसच न्हाई, बिलकुल अडचण न्हाई म्हणा.”

त्यांनी हिरवा रंग खरवडला, भेगांत लांबी भरली, प्रायमर मारला. मी माझं काम खोलीत करायचे आणि मधूनमधून येऊन बघायचे. सायीचा रंग दोन वेळा चुकला. पहिल्यांदा पिवळा झाला, दुसऱ्यांदा दवाखान्यासारखा पांढरा. तिसऱ्यांदा मला पाहिजे तसा जमला. कपाटांचा निळा मामांनी स्वतः मिसळला. कडांवर पॉलिश पेपर मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक दार घासलं आणि कागद माझ्या हातात दिला. “उरलेली तुम्ही घासा. मला पाप केल्यासारखं वाटायलंय.” मी घासली. मला ते काम फार आवडलं. निळ्याखालून सागवानाची तांबूस रेघ हळूहळू वर यायची.

त्या दिवसांत मामा मला एकदा म्हणाले, “ताई, वहिनींनी ओल्या दारावर तीनदा हात ठेवला.”

“विसरली असेल.”

“ओला रंग चमकतो ना. नजरेला कळतो.” ते ब्रश पुसत थांबले, मी काही विचारीन म्हणून असेल. मी विचारलं नाही. मला राग आला होता, तीन पंजांचे डाग पडले म्हणून. मामांनी ते डाग न बोलता भरून काढले.

माझ्याबद्दल सगळे म्हणतात की ही बोलत नाही, पण हिचं लक्ष असतं. मलाही तसंच वाटायचं. सायीच्या तीन छटांतला फरक मला लांबून सांगता येत होता.

रंग झाला. मी माळ्यावरून आईची तांब्याची भांडी काढली, चिंच लावून घासली आणि आकड्यांना टांगली. फोटोत सुकलेल्या जांभळ्या फुलांच्या जुड्या होत्या. त्याऐवजी मी धावड्याहून आलेली ज्वारीची कणसं सुतळीनं बांधून लावली. खिडकीला निळ्या चौकटींचा पडदा शिवून घेतला. आणि बरण्या मागवल्या. एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या सोळा पांढऱ्या बरण्या. प्रत्येकीवर मी स्वतः फिकट करड्या शाईनं बारीक, वळणदार इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं. आई बारावीपर्यंत शिकलेली आहे, एवढं इंग्रजी तिला सहज वाचता येतं. जुने डबे मी एका पोत्यात भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवले.

“सगळ्यांवर नाव लिहिलंय, आई,” मी म्हणाले.

“हो, दिसलं.”

“कसं वाटतं?”

ती मधोमध उभी राहून चारी बाजूंना वळली. “उजेड वाढला,” ती म्हणाली. मग, “छान केलंस, माय.”

नंतरचे काही दिवस ती स्वयंपाकाला लागायच्या आधी फळीपुढे उभी राहायची. डाव्या टोकापासून एकेका बरणीच्या झाकणाला बोट लावायची आणि तिचे ओठ हलायचे. मला वाटलं, महालक्ष्म्या जवळ आल्या म्हणून एखादं स्तोत्र म्हणत असेल. तिची अशी म्हणण्याची सवय मला कधी दिसली नव्हती, पण मी तेवढ्यावरच समाधान मानलं.

काकू महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी आली. शहागडहून एसटीनं, हातात दोन पिशव्या, दारातूनच बोलत. काकांचं हायवेवर दुकान आहे, त्यामुळे ट्रकच्या आवाजावर बोलायची तिला सवय. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थबकली.

“अगं माय! हे काय, अक्का? दवाखाना काढला का?”

“पोरीनं केलंय. फ्रेंच हाय,” आई म्हणाली.

“फ्रेंच!” काकूनं कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. “रंग तर आत्ताच उडाला. पेंटरनं फसवलं तुम्हाला. थांबा, मी बोलते त्याच्याशी.”

“तसंच असतं ते,” मी म्हणाले.

“तसंच असतं? मंग आमच्या घराला रंगच नको. आमचं पहिल्यापासून फ्रेंच.” ती स्वतःच हसली आणि माझ्या गालाला हात लावला. “मडम, बरी हाईस ना? बोलत जा गं थोडं. उद्या सासरी गेलीस तर सासू म्हणायची, मुकी दिली.”

काकू वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. तिला सगळं दिसतं आणि दिसलेलं सगळं ती बोलते, एवढंच. चहा पिताना ती म्हणाली, “अक्का, मागच्या वर्षी आमटीत कडीपत्त्याची काडी आल्ती. मला सापडली.” आईनं कप खाली ठेवला. “चहात साखर कमी हाय का?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलोरा करायचा होता. फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, साटोऱ्या वगैरे. त्या आधी करून ठेवतात. नैवेद्याचं काहीही चाखायचं नसतं. मीठ लागलं का, गोड झालं का, हे जिभेला कळायच्या आधी देवीला कळायचं. आई तर वास घ्यायलाही नको म्हणते. हातानं आणि नजरेनं करायचं. लहानपणी मला नेहमी नवल वाटायचं, की न चाखता एवढं चविष्ट होतं कसं? आई म्हणायची, सवय.

त्या सकाळी आई आंघोळीला गेली असताना मी स्वयंपाकघराचा फोटो काढला. पुण्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीला पाठवायचा होता. ऊन खिडकीतून फळीवर आलं होतं. फोटो बरा दिसेना, कारण फळीच्या मधोमध तांब्याची कळशी पाहिजे होती. मी चार-पाच बरण्या उचलून इकडच्या तिकडे केल्या, कळशी मध्ये ठेवली, फोटो काढला. फोटो सुंदर आला. मग मी आंघोळीला गेले. बरण्या होत्या तशाच राहिल्या.

मी आले तेव्हा काकू स्टुलावर बसून पाऱ्या लाटत होती. आईनं परातीत किसून भाजलेलं सुकं खोबरं घेतलं होतं, खसखस घातली होती. तिनं हात वर केला, फळीच्या डाव्या टोकापासून झाकणांना बोट लावलं, ओठ हलवले, एक बरणी खाली घेतली आणि वाटीनं त्यातलं पांढरं पीठ परातीत घातलं. एक वाटी, दुसरी वाटी. मग हातानं कालवायला लागली. मध्येच तिचा हात थांबला. चिमूट दोन बोटांत धरून तिनं अंगठ्यानं चोळली. काकूकडे मान वळवली, माझ्याकडे वळवली. काकू बोलत होती, शहागडच्या पुलावर कसा ट्रक अडकल्ता ते. आईनं परत कालवायला सुरुवात केली.

मी सारण भरून करंज्या मिटत होते आणि कातणीनं कडा कापत होते. आई तळत होती. पहिला घाणा निघाला. पंधरा-सोळा झाल्या असतील. माझ्या अंगठ्याला सारण चिकटलं होतं आणि कातण निसटत होती. मी अंगठा तोंडात घातला. काही विचार करून नाही. लहान मूल घालतं तसा.

खारट होतं. नुसतं खारट नव्हे, जीभ आत ओढून घेईल असं.

मी वर बघितलं. ओट्यावर बरणी होती, झाकण लावलेली, आणि माझं अक्षर माझ्याकडेच तोंड करून होतं. करड्या शाईत, वळण काढून लिहिलेलं मीठ. आईच्या हातापासून वीतभर अंतरावर. रोज मिठाची बरणी डावीकडून सातवी असायची आणि पिठीसाखरेची चौथी. मी कळशी मध्ये घेतली तेव्हा मीठ चौथ्या जागेवर आलं होतं.

तिचे ओठ का हलत होते, ते मला तेव्हा कळलं. मग ओल्या दारावरचे पंजे. “उजेड वाढला” हे शब्द. फोन लांब नेणं, जवळ आणणं. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बाटलीमागे ठेवलेली डोळ्यांच्या थेंबांची कुपी. त्या कुपीबद्दल मी एकदा विचारलं होतं, तर तिनं डोळे कोरडे पडतात म्हणून सांगितलं होतं. मी ती साफसफाई करताना उचलून परत तिथंच ठेवली होती. हिरव्या भिंतीवर लाल झाकण, पिवळा डबा, तपकिरी बरणी. हे सगळं मी काढून टाकून पांढऱ्यावर पांढरं मांडलं होतं.

काकूनं पुढची पारी माझ्यापुढे सरकवली. “हात चालव, मडम.”

दोन दिवसांनी त्या करंज्या महालक्ष्म्यांपुढून उतरल्या असत्या आणि सगळ्या भावकीच्या पानांत पडल्या असत्या. कोणी तरी चावा घेतला असता. कोणी काही बोललं नसतं. काकू बोलली असती. आत्ताच “आई, यात मीठ पडलंय” म्हटलं असतं, तरी काकू बरणीकडे बघणार, नाव वाचणार, मग आईकडे बघणार.

माझ्या तोंडात अजून तो खारटपणा होता. मी वाक्य मनात तपासून बघितलं नाही.

“मी चाखलं,” मी म्हणाले.

काकूचं लाटणं थांबलं. “काय?”

“सारण. मी बोट तोंडात घातलं. आणि तेच बोट परत परातीत गेलं.”

ते दुसरं वाक्य खोटं होतं.

“अरे देवा!” काकू उठून उभी राहिली. “अगं, नैवेद्याचं हाय ते! उष्टं झालं की सगळं! किती वर्षांची झालीस तू? अक्का, बघा, हे असं होतं बघा. मी तेव्हाच म्हणल्ते, इंग्लिश शाळेत घालू नका. तिथं काय देवधर्म शिकवतेत? आता एवढं खोबरं, एवढं तूप…”

“गोड होतं म्हणून…” मी म्हणाले.

आईनं झारा कढईच्या काठावर ठेवला. ती माझ्याकडे वळली. तिला माझा चेहरा किती दिसत होता, मला माहीत नाही. पण माझा आवाज तिनं ऐकला होता. गोड होतं, हे मी म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, आणि तिच्या बोटांना तर आधीच काही वेगळं लागलं होतं.

“बाद झालं सगळं,” ती शांतपणे म्हणाली. “परत करू. जा, परत आंघोळ करून ये. अन् तू गं,” ती काकूला म्हणाली, “तिला बोलू नको आता. पोरगी हाय.”

“बोलू नको कसं? देवीच्या आधी हिनं खाल्लं!”

“मंग देवी बघून घेईल.”

मी आंघोळ करून आले. काकू चिडून अंगणात गेली होती, कामावर गेलेल्या बाबांना फोनवर सगळं सांगत होती. आईनं परात घासून नवं खोबरं घेतलं होतं. ती फळीपुढे उभी होती आणि या वेळी तिनं हात वर केला नव्हता. मी पिठीसाखरेची बरणी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट क्षणभर धरून ठेवलं, घट्ट. मग सोडलं आणि वाटी भरली.

दुपारी काकू झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यावर बसलो.

“खारट होतं का?” आईनं विचारलं.

“हो.”

“मला शंका आल्ती. हाताला पिठीसाखर अशी खरखरीत लागत न्हाई. पण चाखता येत न्हाई ना. अन् विचारावं, तर ही समोर.”

मग तिनं सांगितलं. काचबिंदू. डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. कडेकडेनं अंधार आत येतो, गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी असलेली टिकवायची. आता मधलंही धूसर झालंय. गडद रंग कळतात, फिकट सगळे एक होतात. ती हे सगळं बाजारहाट सांगावी तसं सांगत होती.

“सांगितलं का नाहीस?”

“तुझी आजी अशीच चुकल्ती. पुरणात जायफळ दोनदा पडलं. मी नवी सून. माझ्याच लक्षात आलं, अन् मीच जेवताना बोलून गेले. पुढच्या वर्षी पेटी माझ्याकडे आली.” तिनं पदरानं पायरी पुसली, उगीच. “मला आनंद झाल्ता गं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं पण न्हाई.”

मी काही बोलले नाही. त्या वेळी न बोलणं बरोबर होतं, की तीही माझी जुनी सवयच होती, हे मला अजून सांगता येत नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “त्या करंज्या टाकू नको. दोन-दोन करून गाईंना घाल. गाय खारटाला वेडी असते. धावड्याला आम्ही दगडावर मीठ ठेवत होतो, चाटून दगड पार गुळगुळीत करायच्या.” गल्लीतल्या तीन गाईंना मी त्या खाऊ घातल्या. त्यांनी माझी पिशवीसुद्धा चाटली.

जिन्याखालचं पोतं मी त्याच दिवशी उघडलं. काकू उठायच्या आत पांढऱ्या बरण्या खाली आणि जुने डबे वर गेले होते. मिठाची तपकिरी बरणी पहिल्या जागेवर. पिठीसाखरेचा चौकोनी डबा, ज्याचं झाकण चमच्यानं उचकटावं लागतं. उठल्यावर काकूनं फळीकडे बघितलं आणि म्हणाली, “हे बरं दिसायलंय. ते तुमचं फ्रेंच मला पचलंच न्हाई.”

महालक्ष्म्या गेल्यावर मी पेंटरमामांना परत बोलावलं. फळ्यांच्या कडा आणि ओट्याची धार गडद हिरव्या रंगानं रंगवायची होती, दोन बोटं रुंद पट्टी. मामांनी विचारलं, “हे फोटोत होतं का, ताई?” मी नाही म्हटलं. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा पट्टीकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. दारांच्या मुठीही त्यांनी आपण होऊन हिरव्या केल्या. ओल्या रंगाजवळ त्यांनी खुर्ची आडवी लावून ठेवली, आणि जाताना सांगून गेले, “वहिनी, उद्यापर्यंत डाव्या बाजूला हात नका लावू. डाव्या.”

बाबांना आईनं पुढच्याच महिन्यात सांगितलं. काकूला सांगितलं नाही. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा सगळं आईनं केलं आणि मी शेजारी उभी राहिले. काकूनं मला परातीपासून दोन हात लांब बसवलं. तोवर माझी गोष्ट सगळ्या भावकीत पोचली होती. लग्नात, बारशात कोणी ना कोणी विचारतं, “हीच ना ती, जिनं महालक्ष्म्यांच्या आधी करंजी खाल्ली?” सुरुवातीला माझा चेहरा गरम व्हायचा. आता मी हो म्हणते.

या वर्षी विसर्जनाच्या दिवशी, हळदीकुंकू झाल्यावर, आईनं मुखवटे स्वतः पुसले. एकेका मुखवट्याचं नाक, कान, डोळे बोटांनी चाचपत पुसले. सुती कापडात गुंडाळले, पेटीत ठेवले. नेहमी ती पेटी माळ्यावर जाते. तिनं ती काकूच्या पुढ्यात ठेवली.

“पुढच्या वर्षीपासून तुझ्याकडे,” ती म्हणाली. “मला दिसत न्हाई आता. तीन-चार वर्षं झाली.”

काकूच्या हातात निरांजनाचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं. ती पेटीकडे बघत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, खूप वेळ, जणू इतक्या वर्षांत तिच्या नजरेतून सुटलेलं सगळं एकदम शोधत होती.

“अक्का,” ती शेवटी म्हणाली, “सारण तुम्हीच करायचं. शहागडला येऊन. मला प्रमाण येत न्हाई.” आणि मग डोळे पुसत माझ्याकडे बोट दाखवून, “अन् हिला लांब बसवायचं. हिचा भरवसा न्हाई.”

आई हसली. तिनं काकूचा माझ्याबद्दलचा समज दुरुस्त केला नाही, मीही केला नाही.

पेटी काकूबरोबर एसटीनं गेली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आई फळीपुढे उभी होती. हिरव्या पट्टीवरून हात सरकवत तिनं चौकोनी डबा काढला, चमच्यानं झाकण उचकटलं, आणि चिमूटभर पांढरं जिभेवर ठेवून बघितलं.

“साखरच हाय,” ती म्हणाली, आणि चहा टाकला.